यादीतली आठवी

टक् असा आवाज झाला. एनेंनी पियाला उपडा ठेवला होता.

आमच्याकडे पियाला उपडा ठेवला म्हणजे चहा पुरे. पण एने, माझ्या सासूबाई, तीन पियाल्यांच्या आत कधी थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. किटली अजून भरलेली होती. लोण्याच्या वाटीला कोणी हात लावला नव्हता. मी माझ्या सात महिन्यांच्या मुलाला, बायेलला, मांडीवर घेऊन दाराजवळ, सुनेच्या जागेवर बसले होते. समोर मानाच्या जागी मिर्झा-आके बसले होते.

मिर्झा-आके हे त्यांचं खरं नाव नाही. ते माझे चुलत सासरे, घराण्यातले सगळ्यात मोठे, आणि केलिन, म्हणजे सून, सासरच्या थोरांचं नाव घेत नाही. आडून काहीतरी म्हणते. एने लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी हे नाव शोधलं, आणि मी आले तेव्हा घरातल्या पातेल्यांसारखं माझ्या हातात दिलं. दवाखान्यात माझ्या लसीच्या यादीत त्यांच्या खऱ्या नावाचं एक गुबगुबीत बाळ आहे. त्याला मी 'लोणी' म्हणते. त्याच्या आईलाही आता सवय झाली आहे.

"बुधवारी, अकराला," मिर्झा-आके म्हणाले. "निवडणूक समितीच्या कचेरीत. कागद माझ्याकडे आहे. तू फक्त उभं राहून वाचायचा. दोन ओळी आहेत."

"मिर्झा-आके, शुक्रवारी बालवाडीचं मतदान आहे."

"म्हणून तर बुधवार."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. त्यांनी हात पुढे केला आणि मी बायेलला त्यांच्याकडे दिलं. न देण्याचं सुचलंसुद्धा नाही. त्यांनी त्याला गुडघ्यावर उभं केलं. "हा कुणाचा रे? आमचा ना? आमचाच." बायेल खिदळला. "सून माहेरी जाऊन राहू शकते, बाळ. कितीतरी गेल्यात. मुलं कुठे जाणार? मुलं घराण्याची." हे त्यांनी बायेलकडे बघत, त्याच लाडिक आवाजात म्हटलं, आणि मग त्याला माझ्या मांडीवर परत ठेवलं.

ते गेल्यावर एने दस्तरखान, जेवणाचं कापड, गोळा करायला लागल्या. पावाचे तुकडे एकेक करून वेचत राहिल्या.

"एने," मी म्हटलं.

"वाच आणि मोकळी हो," त्या म्हणाल्या. "मला काही विचारू नकोस."

*

त्या कागदावर मी जानेवारीत सही केली होती. हात ओले असताना.

आमच्या पक्षाची पाटी फाटकावर आहे, पण कचेरी म्हणाल तर मिर्झा-आकेंची पाहुण्यांची खोली. नगर केनेशच्या, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहाच्या, निवडणुकीची यादी तिथेच झाली. त्या दिवशी मेंढा कापला होता. मटणाचं कुठलं हाड कुणापुढे जायचं हे आमच्याकडे वयाने आणि मानाने ठरतं, आणि यादीसुद्धा तशीच खाली खाली उतरत गेली. ज्याच्यापुढे पहिलं हाड, त्याचं पहिलं नाव. यात कुणाचा कावा नव्हता. त्यांना दुसरा क्रम येतच नाही.

आम्ही बायका मागच्या अंगणात नळाखाली आतडी धूत होतो. तालान्त, मिर्झा-आकेंचा भाचा आणि पक्षाचा कारकून, दारात येऊन उभा राहिला. "कायद्याने तीन पुरुषांमागे एक बाई लागते म्हणे. एक मिळाली. अजून एक पाहिजे."

"मला घाल, पण पहिल्या नंबरावर," माझी एक जाऊ ओरडली. "नाहीतर रस्सा खारट करते."

"तुला घातलं तर सभागृहात कुणाला बोलायला मिळणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तालान्त माझ्याचकडे बघत होता. मी दवाखान्यात परिचारिका. पोरांना लस टोचायला गावातल्या प्रत्येक दारात जाते, आणि माझ्यासाठी सगळी दारं उघडतात. हे त्यांनी आधीच बोलून ठेवलं असणार. "नुर्झात, ये. आठवी तू."

सातवा महिना होता मला. पोट सावरत आत गेले. ताटांच्या मधे जागा करून दोन कागद ठेवले होते. पहिल्यावर माझी संमती. दुसऱ्यावर तालान्तने पंजा पालथा ठेवला होता, सहीपुरती जागा उघडी.

"हा कसला?"

"नेहमीचा. सगळे करतात."

सगळे म्हणजे आम्ही दोघी बायका, हे पुढे कळलं. मिर्झा-आके वरच्या जागेवरून बघत होते. थोरांनी पुढे केलेला कागद त्यांच्यासमोर वाचायचा नसतो. त्यांनी दिलेली भाकरी वास घेऊन बघण्यासारखं आहे ते. मी सही केली. अंगठ्याच्या पाण्याने शाई थोडी फुटली. तो माझा राजीनामा होता, तारीख न घातलेला.

मग मी ते पोट घेऊन घरोघर फिरले. बर्फ होतं, नारिन नदीचा काठ गोठला होता. आमचे नऊ जण निवडून आले, आठवी मी. चौथ्या असिलकान-एजे, शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई. गावात एजे म्हटलं, म्हणजे नुसतं ताई म्हटलं, तरी लोकांना त्याच आठवतात. बायेल जन्मला आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोटो असलेलं ओळखपत्र मिळालं. सेझिमने, माझ्या पाच वर्षांच्या मुलीने, ते बाहुलीच्या गळ्यात बांधलं आणि तिला माझ्यासारखं 'अपा', म्हणजे आई, म्हटलं.

मला तिथे एकच काम करायचं होतं. आमच्या गावातली बालवाडी दुरुस्तीच्या नावाखाली चार वर्षं बंद आहे. आया बाजारात दुकान लावतात, बाप रशियात. लस द्यायला गेले की मला कुलपं दिसतात, आणि कुलपांच्या आड पोरं. मागच्या वर्षी एका चार वर्षांच्या मुलीला मी खिडकीच्या गजांतून सुई टोचली. तिने स्वतःच बाही वर करून हात बाहेर काढला, रडलीसुद्धा नाही. मग म्हणाली, "ताई, तू जाऊ नको ना."

ती इमारत आता एकोणपन्नास वर्षांच्या करारावर लग्नाच्या हॉलसाठी द्यायची होती. शुक्रवारी मतदान. एकवीस जण आहोत. अकरा विरुद्ध दहा होतं आमच्या, म्हणजे बालवाडीच्या बाजूने, आणि त्या अकरांत असिलकान-एजे आणि मी. आम्ही गेलो की आमच्या जागी यादीतले दहावे आणि अकरावे येणार. हॉल हवा होता तो दहाव्यालाच.

*

एल्दियारला, माझ्या नवऱ्याला, मी दुपारी फोन केला. तो रशियात, येकातेरिनबुर्गला एका गोदामात आहे, दुपारी वीस मिनिटं सुट्टी मिळते. मागे ट्रॉल्यांचा खडखडाट येत होता.

"मला कळलंय," तो म्हणाला. "त्यांचा फोन आला होता."

"माझ्या आधी तुला?"

"अगं, ते मोठे आहेत."

"मुलं ठेवून घेईन म्हणालेत."

"असं म्हणाले?"

"बायेलला म्हणाले. माझ्याकडे बघून नाही."

तो हसला. "ते बोलतात तसं. माझ्या लहानपणी मला म्हणायचे, तुझे कान कापून कुत्र्याला घालीन. आहेत बघ कान."

"एल्दियार, मी वाचलं नाही तर तू येशील?"

"तिकीट… महिन्याच्या शेवटी बघू. नुर्झात, ऐक, मी तुझ्याच बाजूने आहे. पण एक कागद वाचायला काय लागतं? दवाखाना आहे, मुलं आहेत. तुला कमी आहे का काही?"

"बालवाडी कमी आहे."

"सेझिम पुढच्या वर्षी शाळेत जाईल की."

मी फोन ठेवला. सेझिम खिडकीत बसून काचेवर वाफ सोडून घोडे काढत होती. मी तिच्या मानेवर ओठ टेकवले. तिच्या केसांना कोळशाच्या धुराचा आणि दुधाचा वास येत होता. तो वास मी छातीत भरून घेतला; कुठे प्रवासाला निघायच्या आधी घेतात तसा. मग माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे.

*

मंगळवारी असिलकान-एजे रक्तदाब मोजायला दवाखान्यात आल्या. तो दर मंगळवारी मोजतात, पण आज त्यांनी दार आतून लावून घेतलं.

"तुझ्याकडे आले होते?"

"हो. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे तालान्तला पाठवलं. मी त्याला नववीत दोनदा नापास केलं होतं. दारातून आत यायला घाबरत होता बिचारा." त्यांनी बाही वर केली. मी पट्टा गुंडाळला. "मी वाचणार आहे, नुर्झात. आधीच सांगते, उद्या माझ्याकडे बघू नकोस."

मी फुगा दाबत राहिले.

"माझा मुलगा शाळेत मुख्याध्यापक आहे. नेमणूक कुणी केली, माहीत आहे ना? एक फोन. एवढंच लागतं. एकसष्टाव्या वर्षी मी हिशेब घातला, आणि उत्तर आलं, वाचायचं." त्यांनी पाऱ्याकडे पाहिलं. "किती?"

"एकशे नव्वद."

"खोटं बोलतोय तो. अजून दाब."

"एजे, कागदात काय लिहिलंय, तुम्ही वाचलंत?"

"तू वाचलास?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. साऱ्या गावाला 'प्रश्न आधी नीट वाच, मग उत्तर लिही' म्हणून दटावणाऱ्या बाई. त्यांनी डोळे मिटले. "वर कलिंगडाएवढा चेहरा करून ते बसलेले. समोर मांडलेलं अन्न. कसं वाचणार होते मी?"

गोळी घेऊन त्या गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पोरांना एकटं सोडू नकोस कुठे." मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारख्या झपझप निघून गेल्या.

*

बुधवारी सकाळी मी बायेलला शालीत बांधत होते. एने चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "त्याला ठेवून जा. बाहेर गारठा आहे. नाक वाहतंय त्याचं."

नाक खरंच वाहत होतं. रोज दवाखान्यात जाताना मी त्याला त्यांच्याकडेच ठेवते. दोन महिन्यांचा होता तेव्हापासून. त्या त्याला बोटाने साय चाटवतात, मला कळू न देता. यात नवीन काही नव्हतं. तरी माझे हात गाठीवर थांबले.

"घेऊन जाते आज. अंगावर पितो ना तो."

"तासाभराचं तर काम. दोन ओळी आहेत म्हणाले." आता त्यांनी पाहिलं. डोळे लाल होते. ते चुलीमुळे की रडून, मला समजलं नाही. "की जास्त वेळ लागणार आहे तुला?"

हा प्रश्न त्यांचा होता की त्यांना विचारायला सांगितला होता? सहा वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपले आहे, त्यांच्या पायांना तेल लावलं आहे, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल काहीएक माहीत नव्हतं. मी शाल सोडली. बायेल त्यांच्या कडेवर गेला आणि त्यांच्या कानातल्या चांदीशी खेळायला लागला.

वाचायचंच तर आहे, मी स्वतःला सांगितलं. अकराला वाचायचं, साडेअकराला घरी.

सेझिमला घेऊन निघाले. दोघांना सांभाळणं एनेंना झेपत नाही, आणि तिला ठेवायला दुसरी जागाच नाही. त्याचसाठी तर हे सगळं होतं. पॉप्लरची पिवळी पानं रस्त्यावर गोठून चिकटली होती, आणि ती प्रत्येक पानावर मुद्दाम पाय देत चालली होती.

*

समितीची कचेरी म्हणजे जुन्या वाचनालयातली एक लांबट खोली. टेबलामागे अध्यक्ष बुरुल-एजे, जाड भिंगाच्या, गावात कुणाच्याच नात्यात नसलेल्या, बाहेरून बदलून आलेल्या. शेजारी टंकलेखनाला एक मुलगी. समोर खुर्च्यांवर आमच्या पक्षाचे दहाबारा पुरुष, दहावे नवा कोट घालून. मिर्झा-आके पहिल्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. आत शिरताना तालान्तने दोन बंद पाकिटं आम्हा दोघींच्या हातात दिली. वर तारखा घातल्या होत्या, ताज्या शाईने.

सेझिमला मी मागच्या बाकावर बसवलं.

असिलकान-एजे आधी उभ्या राहिल्या. चष्मा लावला, पाकीट फोडलं, आणि वर्गात गणित सांगतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. "मी, असिलकान तोक्तोबाएवा, नगर केनेशची सदस्य, माझ्या स्वतःच्या मर्जीने राजीनामा देत आहे. कारण," आणि त्या थांबल्या. कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला.

"कारण?" बुरुल-एजे म्हणाल्या.

"माझं गरोदरपण आणि लवकरच येणारं बाळंतपण."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी नाकातून फुसकन हसलं, आणि तो बांध फुटला. पुरुष मांड्यांवर थापा मारायला लागले. "अभिनंदन, एजे! मुलगा की मुलगी?" "म्हातारबांनी जोर लावला म्हणायचा!" एजेंचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. दहावे डोळे पुसत होते. तालान्त मात्र भिंतीसारखा पांढरा पडला होता. मला दिसलं काय झालं ते. त्याला जानेवारीत एक कारण हवं होतं, कुणी हरकत घेणार नाही असं. समोर माझं पोट होतं. त्याने ते लिहिलं आणि त्याचीच दुसरी प्रत काढून वर एजेंचं नाव घातलं. तेव्हापासून तो कागद कुणीही वाचला नव्हता. आम्ही नाही, आणि ज्यांनी तो दहा महिने खिशात बाळगला, त्यांनीही नाही.

"हसा," असिलकान-एजे म्हणाल्या. "बेरजा तरी नीट करत जा रे. एकसष्ट वर्षं."

"शांत," बुरुल-एजे म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "बाई, हा कागद तुम्ही लिहिलात?"

"सही माझी आहे."

"ते विचारलं नाही मी. कुणी लिहिला? कुणी घेतला तुमच्याकडून?"

एजेंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या. तिकडे शाळेचं छप्पर दिसतं. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. "नवा लिहून देते. कोरा कागद द्या." त्या टेबलाच्या कडेला बसल्या आणि शिक्षा झालेल्या पोरीसारख्या खाली मान घालून लिहायला लागल्या. गर्दीतलं हसू विझत गेलं.

"पुढे. नुर्झात."

मी उठले. पाकीट फोडायची गरज नव्हती, तरी फोडलं. माझी ओल्या हाताची सही, फुटलेली शाई. तीच दोन वाक्यं.

"बाळ सात महिन्यांचं आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आला.

"म्हणजे हाही खोटा. तुम्हालाही कोरा कागद देऊ?"

द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, तेच म्हणणार होते. मिर्झा-आके टोपीवरून हात फिरवत होते, हलके हलके, मांजरावरून फिरवावा तसा. बायेलला गुडघ्यावर उभं करताना तोच हात होता. माझी छाती दुधाने ठणकायला लागली होती. घरी जायचं होतं मला. फक्त घरी.

"की सांगायचं आहे काही?" बुरुल-एजेंनी चष्मा काढला. "हे बघा, सक्तीने घेतलेला राजीनामा मी स्वीकारू शकत नाही. पण सक्ती कुणी केली ते तुमच्या तोंडून नोंदवावं लागतं. नाव लागतं. तुम्ही बोलला नाहीत तर मी लिहीन, सदस्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. आणि विषय संपला."

टंकलेखन करणाऱ्या मुलीची बोटं कळांवर थांबली होती.

नाव. राजीनामा न देणं एक वेळ समजू शकतं, माफही होऊ शकतं, पण हे? चारचौघांत, त्यांच्या तोंडावर? लसीच्या यादीतल्या बाळाचंसुद्धा घेतलं नव्हतं मी ते. पाय सुटले असते तर मी पळाले असते. मी मागे वळून सेझिमकडे पाहिलं. ती बाकावर ताठ बसली होती, हात मांडीवर. बाहेरून कुलूप लावलेल्या घरांत पोरं असतात तशी शांत.

"तुर्दुबेक," मी म्हटलं. मग पूर्ण नाव घेतलं. "तुर्दुबेक इसामातोव."

कुणीही हसलं नाही. कुणीतरी "तोबा" म्हटलं, अगदी हळू. दहाव्यांनी जमिनीकडे पाहिलं, जणू मी सगळ्यांसमोर कपडे उतरवले होते. कळा वाजायला लागल्या, एकेक अक्षर. असिलकान-एजेंचं पेन थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, भीती होती. माझ्यासाठी.

मिर्झा-आके उठले. टोपी घातली, कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकवता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तालान्तला म्हणाले, "गाडी काढ." आणि बाहेर पडले.

गाडी. मी चालत आले होते.

*

"सही," बुरुल-एजे म्हणत होत्या. "नुर्झात, इथे सही, आणि इथे. तुमचं सदस्यत्व कायम आहे. शुक्रवारी दहाला…" मी कुठे सह्या केल्या मला आठवत नाही. या वेळी कागद वाचला की नाही तेही आठवत नाही. सेझिमचा हात धरला आणि पळत सुटले.

वीस मिनिटांचा रस्ता. बाजाराजवळ बायकांनी हाका मारल्या, "नुर्झात, काय झालं? कुणाचं पोर आजारी आहे?" मी हात हलवला. सेझिम दोनदा घसरली, दुसऱ्यांदा गुडघा फुटला. मी तिला उचलून घेतलं. कोटाच्या आत दूध सुटून सगळं ओलं झालं होतं, आणि त्या गारठ्यात ते थंड पडत होतं.

"अपा, मला चालता येतं," ती म्हणत होती. "अपा, तू रडतेयस का?"

"वारा आहे."

एनेंना दोन वेळा फोन लावला. वाजत राहिला.

गाडी फाटकात उभी होती. आमच्या घराच्या, मिर्झा-आकेंच्या नाही. इंजिन चालू, मागून पांढरी वाफ. तालान्त चालकाच्या जागेवर बसला होता. मला बघून त्याने मान दुसरीकडे फिरवली. मागच्या सीटवर काहीतरी गुंडाळी होती. मी धावत जाऊन काचेला नाक लावलं. गादी. माझ्या हुंड्यातली लाल काठाची गादी, आणि वर माझी सुटकेस. फक्त माझी.

"एनेंनी भरली," तालान्त खिडकी न उघडताच म्हणाला. ओठांवरून कळलं मला. किंवा वेगळंच काही म्हणाला असेल.

अंगण ओलांडलं. दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी त्यांचे काळे, पॉलिश केलेले बूट होते, टोकं बाहेरच्या बाजूला, लगेच निघायचं असल्यासारखे. आतून मिर्झा-आकेंचा आवाज येत होता, शांत, एकसुरी. मग एनेंचा. एने त्यांच्याशी कधी मोठ्याने बोलत नाहीत. चाळीस वर्षांत नाही. आता त्यांचा आवाज चढला होता. मला शब्द लागेनात. "नाही" ऐकू आलं. नक्की. पण नाही कशाला, कुणाला, ते नाही. आणि मधेच बायेलचं हुंदके देत रडणं, भुकेचं, मला ओळखू येणारं.

मी दाराला हात लावला आणि तो तिथेच राहिला. आत गेले तर मला बाहेर काढतील, त्याच्याशिवाय. नाही गेले तर. माझा श्वास इतका जोरात चालला होता की आतलं ऐकू येईना.

सेझिम माझ्या कडेवरून घसरून खाली उतरली. सवयीने उंबऱ्याशी बसली, एका हाताने फुटलेला गुडघा धरून दुसऱ्याने बुटाच्या नाडीशी झटापट केली, आणि मग थांबली. गाडीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. माझ्याकडे.

"अपा," ती म्हणाली, "बूट काढू, की घालूनच ठेवू?"